बायांचं काम, गड्याचं काम: ही वाटणी कोणी केली?

निंदणवाली (धागाकर्ती), यवतमाळ

कपाशीच्या वावरात कोणतं काम कोणाचं, हे आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. वखरणी, डवरणी, फवारणी गड्याची. सरकी टोबणं, निंदण, वेचणी बायांची. बाई औताला हात लावत नाही, आणि गडी कमरेला ओटी बांधून वेचायला उतरला तर धुऱ्यावरून कोणीतरी बोलतोच. मी हायस्कूलवर शिकवते. असं का असतं म्हणून पोरांना विचारलं की घरून मिळालेलं उत्तर तयार असतं: देवानंच तसं केलं, बाईच्या अंगात तेवढी ताकद नसते.

मूल पोटात वाढवणं, अंगावर पाजणं, पाळी येणं, मिशी फुटणं हे शरीराचं आहे. त्यात गावाचं काही चालत नाही. पण भाकर थापणं, पाणी भरणं, थोरांसमोर पदर घेणं, कापसाची गाडी जिनिंगवर नेणं, मयतीत मोकळं रडणं किंवा न रडणं, सातबाऱ्यावर नाव असणं, ह्यातलं काहीच कोणी जन्माला येताना सोबत आणत नाही. ते घर शिकवतं, गाव शिकवतं, शाळाही शिकवते. लिंगभाव म्हणतात तो हाच. इथवर बहुतेकांना मान्य असतं. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

ही वाटणी काळ्या दगडावरची रेघ असती तर ती कधी हललीच नसती. पण ती आपल्या डोळ्यांदेखत हलते आहे, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. ज्या कामात यंत्र येतं, रोख पैसा येतो किंवा चारचौघांत मान मिळतो, ते काम बाईच्या हातून सुटतं आणि गड्याचं होतं.

दळण घ्या. जात्यावर होतं तोवर ते बाईच्या नशिबाला बांधलेलं होतं. चक्की आली, दळणाचे पैसे मिळू लागले, आता चक्कीवर पुरुष बसतो. दळणाचा डबा डोक्यावर नेणारी मात्र अजून बाईच. म्हशीचं शेण, चारा, पाणी, धार सगळं तिच्याकडे. डेअरीचं सभासदत्व नवऱ्याच्या नावावर आणि पैसे त्याच्या खात्यात. घरी पाण्याचा गिलास हातात मागणारी माणसं देवळात पंगत असली की गोवऱ्यांचा आर करून रोडगे भाजतात, कढईत वांग्याची भाजी घोटतात, आणि इतकी चवदार करतात की बोटं चाटावी. म्हणजे पुरुषाच्या हाताला स्वयंपाक चांगला येतो. तो रोज, घरात, कोणी वाखाणणारं नसताना करायचा तेवढा येत नाही.

निंदणाचं जरा सविस्तर सांगते. पावसानं उघडीप दिली की बाया एकेक पात धरून उकिडव्या बसतात. एका हातानं रोप बाजूला धरायचं, दुसऱ्या हातातल्या खुरप्यानं गवत मुळासकट काढायचं, माती झटकायची, तसंच बसल्या बसल्या पुढं सरकायचं. संध्याकाळी उठताना गुडघा सरळ व्हायला वेळ लागतो. आता तणनाशक आलं. पाठीवर पंप घेतलेला एक गडी दहा बायांचं निंदण एका दिवसात मारून टाकतो, आणि फवारणीची रोजी निंदणाच्या रोजीपेक्षा जास्त असते. त्या दहा जणींची रोजी गेली ती गेलीच. पाण्यानं भरलेले दोन गुंड एकावर एक घेऊन चढ चढणाऱ्या बाईला पंप उचलत नाही, असं कोण म्हणेल? पण पंप तिच्या हातात कोणी दिला नाही.

तुमच्याकडे काय आहे ते लिहा. कोणतं काम कोणाकडून कोणाकडे गेलं, आणि पैसा कोणाच्या हातात आला?

धुरकरी, अमरावती

ताई, लिहिलं मनापासून आहे, पण सगळंच पटलं नाही. मी साठी ओलांडलेला माणूस. काळी जमीन भिजल्यावर वखर दाबून धरायला खांद्यात काय दम लागतो ते मला माहीत आहे. जुन्या काळी बाई एकतर पोटुशी असायची नाहीतर लेकुरवाळी. बांधावर झोळीत पोर निजवून मधूनमधून पाजता येईल असं काम तिच्याकडे आलं. ह्यात तिच्यावर अन्याय करायचा कोणाचा बेत नव्हता, सोय होती. आपल्या आजा-पणज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची घाई नको.

बाईची रोजी कमी का, ह्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते चूकच आहे.

रोवणी, भंडारा

काका, तुमचा मान ठेवून सांगते. आमच्या धानाच्या पट्ट्यात या. आषाढात बांधीत पोटरीभर चिखल, वरून पाऊस, आणि दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे रोवायचे. वाकायचं म्हणजे सकाळपासून ते दिवस मावळेपर्यंत. हे काम पूर्ण बायांचं. सातव्या महिन्यातल्या बायाही रोवणीला जातात, कारण हंगाम चार दिवसांचा आणि रोजी बुडवून चालत नाही. पोटुशीला जड काम नको म्हणून वाटणी झाली असती तर रोवणी सगळ्यांत आधी पुरुषांकडे गेली असती.

आणि निंदणवाली ताईंचा मुद्दा इथंही बसतो. रोवणीचं यंत्र आता काही गावांत दिसू लागलं आहे. त्याच्यावर बसलेली बाई मी अजून पाहिली नाही. जी रोवणी शेकडो वर्षं पुरुषाच्या हाताला शोभत नव्हती, ती यंत्राला स्टिअरिंग आल्याबरोबर शोभायला लागली.

रोजगार हमीच्या कामावर बाई आणि गडी दोघांना दर एकच. तिथं कोणाची ताकद आडवी आली नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, पण तो वावरात कधी पोचलाच नाही.

आशाताई_२, वाशिम

ताकदीवरून माझंही एक. मी आशा म्हणून काम करते. दोन लेकरं झाली की घरात ऑपरेशनचं निघतं. पुरुषाची नसबंदी सोपी असते, पोट उघडावं लागत नाही, टाका नसलेली पद्धतही आहे, माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईची त्यापेक्षा कितीतरी मोठी. मी हे घरोघरी सांगते. सासू म्हणते, गड्याला कमजोरी येईल, त्याला वावरात जावं लागते. बाईला काय वावरात जावं लागत नाही? टाके ओले असताना पाणी भरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात नसबंदी झालेल्या बायका ३७.९ टक्के होत्या आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. शरीर दोघांनाही आहे. मग सोपं ऑपरेशन सोडून अवघड का निवडतो आपण? कोणाचं शरीर राखून ठेवायचं आणि कोणाचं खर्ची घालायचं, ते आधीच ठरलेलं असते. ह्यात सासवा वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याही बाबतीत असंच ठरलं होतं.

कोरडवाहू, यवतमाळ

मले एक सांगा, यात पोट्ट्यायचं काय? सगळे बायाबद्दलच बोलू रायले. माझा बाप गेला तेव्हा मी बारावीत होतो. तेराव्याच्या दिवशी मामानं पाठीवर हात ठेवला अन् म्हणे, आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाई. तवापासून बँकेचं कर्ज माझ्या नावानं, सावकाराचं माझ्या नावानं, बहिणीचं लगन माझ्या डोक्यावर. बोंडअळी आली त साऱ्या गावानं मले विचारलं, आता कसं करतो रे. मायले कोनी विचारलं नाई.

अन् आता तिशी गाठली त लग्न जुळत नाई. तीन एकर कोरडवाहू म्हटलं की पोरीकडचे चहाच पेत नाईत. चपराशी चालते, शेतकरी नाई चालत. हे कोनतं पुरुषाचं राज्य हाय ते समजून सांगा. मी भांडाले नाई आलो, खरंच विचारू रायलो.

निंदणवाली (धागाकर्ती), यवतमाळ

कोरडवाहू दादा, तुम्ही विचारलं ते ह्या धाग्यातलंच आहे, बाहेरचं नाही. बारावीतल्या मुलाला बापाच्या तेराव्याला रडू न देणं, हाही लिंगभावच. कर्ता म्हणून ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याच नावावर कर्ज, आणि त्याच्याच नावावर अपयश. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांतून आपल्या जिल्ह्याला त्याची किंमत किती मोजावी लागली ते मी वेगळं सांगायला नको. घरातला हिशेब मायलेकांनी, नवरा-बायकोनं मिळून केला असता, तर ते ओझं एकाच्या छातीवर बसलं नसतं.

लग्नाचं म्हणाल तर माझ्या वर्गातल्या मुलींशी मी ह्यावर बोलले आहे. त्या शेतीला घाबरत नाहीत. आईला पाहतात. दिवसभर वावरात, त्याआधी आणि त्यानंतर चुलीपाशी, आणि हातात शंभराची नोट असली तरी विचारून खर्च करायची. एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, नोकरीवाल्याच्या घरी मी घरकाम करीन. शेतकऱ्याच्या घरी घरकामही करीन अन् शेतीही करीन, आणि दोन्ही माझं नसेल." तिचा हिशेब मला चुकीचा वाटला नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बाई त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आलं आहे. ही नुसती घरकामाची मिनिटं. वावरातली वेगळी.

फेरफार, वर्धा

महसुलाच्या कागदांशी माझा रोजचा संबंध आहे, तेव्हा त्या अंगानं लिहितो.

आपल्याकडे शेतकरी कोण हे वावरातल्या घामावरून ठरत नाही, सातबाऱ्यावरून ठरतं. पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये, आता नवीन फार्मर आयडी, सगळीकडे जमिनीचा कागद आधी. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बाया जेमतेम १४ टक्के निघाल्या. म्हणजे टोबणारी, निंदणारी, वेचणारी बाई सरकारच्या दप्तरी शेतकरी नाहीच. ती शेतकऱ्याची बायको. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन ह्यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं २०११ चं खाजगी विधेयक मांडलं होतं. जमीन नावावर असो नसो, शेती करणारी बाई शेतकरीच, असं त्यात होतं. ते पास न होताच संपलं.

ह्याचं सगळ्यात वाईट रूप नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर दिसतं. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानं अशा कुटुंबाला १ लाखाची मदत मिळते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण मदत मिळाली म्हणजे जमीन मिळाली असं नाही. जमीन सासऱ्याच्या नावावर असते, दीर वाटणी करत नाही, आणि बाई त्याच वावरात मजूर होऊन जाते. तिनं स्वतः जीव दिला तर तिला शेतकरी म्हणून मोजायलाही अडचण, कारण कागदावर नाव नाही.

मुलींच्या हक्काचं थोडक्यात. महाराष्ट्रानं १९९४ लाच वारसा कायद्यात दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो की नसो. बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता हा घोळ सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात मिटवला: हक्क जन्मानं आहे. कायदा इतका स्पष्ट. तरी बाप गेल्यावर बहिणींना गाडी पाठवून तालुक्याला आणतात, हक्कसोड पत्रावर सही घेतात आणि साडी नेसवून परत पाठवतात. सही नाही केली तर माहेर तुटतं, ही भीती असते. पेन तिच्या हातात असतो, मर्जी बाकीच्यांची.

धुरकरी काका, ताकदीबद्दल एकच जोडतो. आमच्याजवळ पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर हा आश्रम काढला, बायकांसाठी. शेती, गायी, स्वयंपाक, छपाई, सगळं त्यांनीच केलं. धाम नदीच्या काठी आहे, कधीही जाऊन पाहता येतं.

धुरकरी, अमरावती

पवनार माहीत आहे. त्या ब्रह्मचारिणी, संसारी बाईशी त्यांची बरोबरी कशी करता? आणि हा सगळा विचार बाहेरून आलेला आहे, आपल्या मातीतला नाही, असं मला अजूनही वाटतं. गावात बाईला मान नव्हता असं नाही. घराची किल्ली तिच्याच कमरेला असायची. माझ्या आईला विचारल्याशिवाय वडिलांनी बैल विकला नाही.

रिद्धपूरकर, अमरावती

काका, आपण एकाच जिल्ह्याचे, म्हणून मोकळं बोलतो. महानुभाव पंथाचं रिद्धपूर तुमच्यापासून काही लांब नाही. तेराव्या शतकात त्या पंथाच्या चक्रधर स्वामींनी बायकांना शिष्य केलं, संन्यास दिला. महदंबा त्यांच्यातलीच, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे धवळे आपण शिकतो. आणि पाळीबद्दल स्वामींचं म्हणणं काय होतं? शरीराला वाटा आहेत, त्यांतून जसे इतर मळ जातात तसाच हा एक, त्याचा विटाळ धरायचं कारण नाही. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी, ह्याच मातीत.

त्याच्या नंतरचंही आपलंच आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया आल्या होत्या, बहुतेक खेड्यांतल्या. समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या त्यावरून मोजतो, हे बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर आख्खा अध्याय आहे, आणि महाराजांचा आश्रम असलेलं मोझरी तर आपल्याच जिल्ह्यात. बाहेरून काही आणावं लागलं नाही. आपल्याजवळ होतं ते आपण देवळात ठेवलं, घरात आणलं नाही.

तुमच्या आईंचा मान खरा असेल, मी नाकारत नाही. पण तो मान तुमच्या वडिलांच्या चांगुलपणावर उभा होता. शेजारच्या घरी तसा नवरा नसेल तर तिथल्या बाईनं काय करायचं?

पाऊलवाट, गडचिरोली

मी एटापल्ली भागात शिक्षिका आहे, मूळची बुलढाण्याची. दोन्ही टोकं पाहिली म्हणून लिहावंसं वाटलं.

इकडे माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावं लागतं. कुडाची झोपडी, पुष्कळ ठिकाणी पावसात गळणारी, दार धड नाही. जेवण घरून कोणी आणून देतं. साप-विंचवाची भीती वेगळीच. माझ्या वर्गातल्या मुली त्या दिवसांत शाळेत येतात आणि रात्री तिथं निजायला जातात. काही संस्थांनी आता पक्की, पाणी-संडास असलेली घरं बांधून दिली आहेत. पक्कं घर बांधावं की प्रथाच मोडावी, ह्यावर इथं खूप वाद होतो. मला प्रथा जायला हवी असं वाटतं, पण आज रात्री तिथं निजणाऱ्या मुलीला आज दार हवं आहे.

हे वाचून आदिवासी समाज मागासलेला असं कोणी ठरवू नका. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलांमागे मुली गडचिरोलीत ९६१ होत्या आणि माझ्या बुलढाण्यात ८५५. शिकलेल्या, रस्ते-दवाखाने असलेल्या जिल्ह्यात मुली कमी जन्माला आल्या. इकडे लग्नात हुंडा नाही, मुलीकडच्यांना काहीतरी द्यावं लागतं. बाजारात मोहफूल-चारोळी विकायला बाई बसते आणि तिचे पैसे तिच्या लुगड्याच्या गाठीत राहतात. एका बाबतीत बंधन कडक, दुसऱ्या बाबतीत मोकळीक, असं मिसळलेलं आहे.

फेरफार दादा, एक भर. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. त्यामुळे गोंड बाईला २००५ ची दुरुस्ती दाखवून उपयोग नव्हता. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की मुलीला वाटा नाही अशी प्रथा सिद्ध झाल्याशिवाय तिला नाकारता येत नाही, नुसती बाई म्हणून वगळणं समानतेच्या विरुद्ध आहे. इथं हे अजून फारसं कोणाला माहीत नाही. मी मुलींच्या आयांना सांगते आहे.

ढोलकी, गोंदिया

आतापर्यंत सगळे बाई आणि गडी ह्या दोनच रकान्यांत बोलत आहेत. मी तिसरी गोष्ट मांडतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडया भरतात. गावोगाव दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं रात्र रात्र चालतात. खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करतो. लुगडं नेसून, बांगड्या घालून, ढोलकीवर असा नाचतो की म्हातारे फेटे सरसावून बसतात. माझे चुलते ते काम करायचे. पंचक्रोशीत नाव होतं. झाडीपट्टीच्या नाटकांत आता बाया कामं करतात, पण खडी गंमतीत अजूनही तो मान गड्याचा.

त्याच गावात एक पोरगा होता. बोलणं मऊ, चालणं वेगळं, आईसोबत विहिरीवर जायचा, रांगोळी सुंदर काढायचा. त्याला शाळेत काय काय ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. नववीत शाळा सुटली, पुढं नागपूरला गेला आणि आज तिथं किन्नरांमध्ये राहतो, राहते म्हणायला हवं, कारण ती स्वतःला बाई म्हणते. गावात आली तर आई भेटते, बाप घरात बसून राहतो.

मला कळत नाही ते हे: रंगमंचावर लुगडं नेसलेल्या पुरुषाला बक्षीस देणारा समाज त्या पोराला का सोसू शकला नाही? मला वाटतं, माझे चुलते सकाळी धोतर नेसून पुन्हा औताला जात, म्हणून. वाटणीला धक्का लागत नव्हता. त्या पोरानं वाटणीच मानली नाही. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं की आपण कोण हे सांगायचा अधिकार ज्याचा त्याला आहे. आमच्या गावात ते कोणी वाचलं नाही. मी ग्रामसभेत ठेवणार आहे.

कोरडवाहू, यवतमाळ

ढोलकी दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या वर्गातही होता असा एक. आमीच चिडवत होतो साऱ्यात जास्त. तो कुठं हाय ते शोधतो.

निंदणवाली ताई, तुमचं पन समजलं. फवारणी गड्याचं काम म्हन्तो आपन, पन २०१७ ले आपल्या जिल्ह्यात विषबाधा झाली तवा वीसच्या वर मानसं गेली, अन् त्या पंपात पाणी भरून देणाऱ्या, औषध मारून आलेल्याचे कपडे धुणाऱ्या बायायले काय झालं ते कोनीच नाई विचारलं. माझी माय तेच करे. तिले तवा डोळ्याले त्रास होता. आता माय अन् मी बँकेत संगं जातो. आधी मॅनेजर मायकडं पाहेच नाई, मी म्हटलं हिशेब तिच्याजवळ हाय, तिले विचारा.

निंदणवाली (धागाकर्ती), यवतमाळ

पोळ्याचं लिहायचं राहून जात होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलगे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, बोजारा मिळवतात. मुलींना भुलाबाई: भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गाणी, टिपऱ्या, खिरापत. दोन्ही गोड सण आहेत, मला दोन्ही आवडतात. पण एकात मुलगा बैलाचा, म्हणजे शेतीचा धनी होतो आणि रोख पैसे घेऊन येतो. दुसऱ्यात मुलगी सासर-माहेरची गाणी पाठ करते. सहा वर्षांच्या वयात इतकी पक्की शिकवण कोणत्याच पुस्तकातून होत नाही. गेली काही वर्षं आमच्या गावात मुलीही बैल घेऊन निघतात. आधी दोघी-तिघी होत्या, आता रांगेत निम्म्या तरी असतात, आणि कोणाच्या घरी बोजारा कमी पडला नाही. उलटं मात्र अजून झालं नाही. मुलगे भुलाबाईच्या खिरापतीला येतात, गाणं म्हणत नाहीत.

धाकटी_सून, बुलढाणा

पूर्ण धागा वाचला. मला व्यवहाराचं विचारायचं आहे. आमची चार एकर आहे, सासऱ्यांच्या नावावर. ते मागच्या वर्षी वारले. माझे मालक राजी आहेत, म्हणतात तुझं नाव लावून घे. पटवारी म्हणतात तसं होत नाही. खरं काय?

फेरफार, वर्धा

ताई, दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

आधी वारस नोंद. सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि वारसांची यादी लावून पटवाऱ्याकडे अर्ज करा, ऑनलाइन ई-हक्क मधूनही जातो. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी अर्ज द्या. मग नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. ह्यात तुमच्या सासूबाई, तुमचे मालक, दीर आणि नणंदा सगळ्यांची नावं लागतील. तुमचं नाही लागणार, कारण मालक हयात आहेत. पटवारी एवढ्यापुरतं बरोबर बोलले.

नंतर आपसात वाटणी करून तहसीलदाराकडे कलम ८५ खाली नोंदवली आणि मालकांच्या वाट्याचा वेगळा सातबारा झाला, की ते अर्ज करून तुमचं नाव सहधारक म्हणून लावू शकतात. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे अभियान चालवलं, शासनानं पुढं योजना काढली. त्याला मुद्रांक वगैरे लागत नाही.

रोवणी, भंडारा

धाकटी सून, राग मानू नका, एक विचारते. नणंदा किती? आणि त्यांची हक्कसोड घ्यायचं घरात चाललं आहे का? आपल्याला सासरी नाव हवं असतं आणि नणंदेनं मात्र माहेरी सोडावं, असं पुष्कळ घरांत होतं. माझ्याही माहेरी झालं. सही मी केली, आणि माझ्या भावजयीचं नाव आज सातबाऱ्यावर आहे.

धाकटी_सून, बुलढाणा

राग नाही. दोन नणंदा आहेत आणि हो, दीर तसंच म्हणत होते. मीही गप्प होते, कारण आमचा वाटा मोठा राहिला असता.

काल मालकांना दाखवलं आणि दोघींना फोन केला. धाकटी म्हणाली, नाव लागू दे, वाटणीचं मग पाहू. मोठी म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांनी फोन मागून घेतला आणि तिला म्हणाल्या, "त्याला काय विचारतेस, बाप तुझा होता." वारसांचा अर्ज सगळ्यांच्या नावानं भरला आहे. सासूबाईंचं नाव पहिलं लिहिलं. दीर अजून बोलत नाहीत. हरकतीचे १५ दिवस संपले की इथं कळवते.